सराफाची अकरा महिन्यांची योजना: अभिलाषेला बरी, लोभाला तोकडी, मत्सराला महाग

सराफी पेढ्यांवर मिळणाऱ्या अकरा महिन्यांच्या सुवर्ण बचत योजनेबद्दल विचारलं की दोनच उत्तरं ऐकू येतात. एक, "फार छान, शेवटचा हप्ता दुकानदार भरतो." दुसरं, "सगळी फसवणूक आहे." दोन्ही अर्धवट आहेत. पासबुक सगळ्यांना एकच मिळतं, पण ते घ्यायला माणूस कशाने ओढला जाऊन आला आहे यावर त्याला फायदा होणार की तोटा हे ठरतं. कुणाचं मन एका ठरावीक दागिन्यावर बसलेलं असतं. कुणाला सोनं म्हणजे नुसता वाढणारा आकडा वाटतो. कुणाला जावेच्या हातातल्या पाटल्या सलत असतात. अभिलाषेची नजर वस्तूवर असते, लोभाची संख्येवर आणि मत्सराची माणसावर. या तिघांच्या चुका वेगळ्या होतात, म्हणून हे परीक्षणही तिघांसाठी वेगवेगळं करावं लागतं.

आधी योजना नीट समजून घेऊ.

दोन जाती आहेत, आणि त्या एक नाहीत

पहिली रुपयांतली. दरमहा ठरलेली रक्कम भरायची, अकरा हप्ते झाले की पेढी एक हप्ता किंवा त्याचा काही भाग बोनस म्हणून घालते आणि त्या दिवशीच्या भावाने त्या रकमेचा दागिना घ्यायचा. दुसरी वजनातली. प्रत्येक हप्ता त्या दिवशीच्या भावाने ग्रॅममध्ये बदलून खात्यावर लिहिला जातो आणि शेवटी जमलेल्या वजनाचा दागिना मिळतो. इथे बोनस बहुधा नसतो, त्याऐवजी घडणावळीत, म्हणजे दागिना घडवण्याच्या मजुरीत, सूट असते. वजन २२ कॅरटच्या भावाने लिहितात की २४ कॅरटच्या, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. दोन्हींत किती ग्रॅमचा फरक पडतो हे शेवटी कळून उपयोग नसतो.

भाव चढता असेल तर वजनाची योजना सरस ठरते. समजा २२ कॅरटचा भाव ग्रॅमला ८,००० रुपये आहे आणि दर महिन्याला २०० रुपयांनी वाढत अकराव्या हप्त्याला १०,००० वर जातो. हप्ता ५,००० चा. वजनाच्या योजनेत घडणावळ आणि कर सोडून ६.१४ ग्रॅम जमतात. रुपयांच्या योजनेत पूर्ण हप्त्याचा बोनस धरून हाताशी ६०,००० असतात, पण खरेदीच्या महिन्यात भाव १०,२०० झालेला असतो, म्हणजे ५.८८ ग्रॅम. बोनस मिळूनही सोनं कमी. भाव स्थिर राहिला किंवा उतरला तर हेच उलटं होतं. २०२५ मध्ये सोनं ज्या वेगाने चढलं, त्यात रुपयांची योजना घेतलेल्यांना हा फरक चांगलाच जाणवला.

अकराच महिने का, यालाही कारण आहे. कंपन्यांनी ठेवी घेण्याबाबतचे २०१४ चे नियम सांगतात की मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती झाली नाही, तर ती ठेव धरली जाते. म्हणून अकरा महिने भरणा आणि बाराव्यात खरेदी. या रचनेमुळे एक गोष्ट पक्की कळते: योजना म्हणजे दागिन्याची आगाऊ रक्कम आहे, बँकेतली ठेव नव्हे. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षण असतं, ते इथे नाही. पेढी बुडाली तर तुम्ही इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे.

बोनसचा खरा हिशेब

पाच हजारांचे अकरा हप्ते म्हणजे ५५,०००. वर ५,००० बोनस. पैसे सरासरी सहा महिनेच दुकानदाराकडे राहतात, त्यामुळे वर्षाचा दर काढला तर तो १७-१८ टक्के येतो. आकडा खराच आहे, खोटा नाही. पण हे पैसे फक्त त्याच पेढीवर, फक्त दागिन्यात आणि त्याच पेढीच्या घडणावळीने वापरायचे असतात. तिथे हिशेब फिरतो.

हेच हप्ते ६.५ टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत (बँकेच्या आरडीत) टाकले तर सुमारे १,८०० व्याज मिळून ५६,८०० होतात. ते घेऊन १२ टक्के घडणावळ लावणाऱ्या सराफाकडे गेलात, तर ३ टक्के जीएसटी आणि घडणावळ वजा जाता सुमारे ४९,२०० रुपयांचं सोनं अंगावर येतं. योजनेच्या पेढीवर ६०,००० आहेत, पण घडणावळ २० टक्के असेल तर सोनं येतं ४८,५०० चं. बोनस कुठे गेला ते दिसलं. इतरत्र १२ टक्के मिळत असतील तर योजनेच्या पेढीची घडणावळ सव्वाअठरा टक्क्यांच्या आत असेपर्यंतच पूर्ण बोनस फायद्याचा. बोनस अर्ध्या हप्त्याचा असेल तर ही मर्यादा १३.४ टक्क्यांवर येते, म्हणजे जवळपास काहीच उरत नाही.

म्हणून नाव नोंदवण्याआधी बोनस किती हे विचारू नका, तुम्हाला हव्या त्या प्रकारच्या दागिन्यावर घडणावळ किती हे विचारा. साध्या साखळीची, यंत्रावर घडलेल्या बांगड्यांची आणि हाताने गुंफलेल्या ठुशीची घडणावळ वेगवेगळी असते. "आठ टक्क्यांपासून पुढे" अशी पाटी असेल तर ते आठ टक्के कुठल्या मालावर आहेत ते दाखवायला सांगा. ती बहुतेकदा सर्वांत साध्या मालाची घडणावळ असते.

अभिलाषा: हिच्यासाठी योजना बनली आहे, एका अटीवर

परक्याकडची वस्तू आपल्याला हवीशी वाटणं ही अभिलाषा. मामीच्या गळ्यातली वज्रटीक पाहिली, डोळा तिच्यावरच खिळला. मामीबद्दल मनात काही वाईट नाही. तिची वज्रटीक तिच्याकडेच राहो, मला तशी मिळाली की झालं. इथवर ती निरुपद्रवी आहे आणि योजना तिला शिस्त लावते, कारण ध्येय ठरलेलं असतं: दागिना कोणता, वजन किती, कधीपर्यंत.

असं ध्येय असेल तर हप्ता उलट बाजूने काढावा. समजा ८ ग्रॅमची ठुशी हवी आहे, भाव ग्रॅमला १०,००० आणि घडणावळ १६ टक्के. सोन्याचे ८०,०००, घडणावळ धरून ९२,८००, जीएसटी धरून ९५,५८४. वर्षभरात भाव वाढेल म्हणून दहा टक्के जास्त धरा, म्हणजे सुमारे १,०५,०००. पूर्ण हप्त्याचा बोनस मिळणार असेल तर बाराने भागा: ८,७५० च्या पुढे. नऊ हजारांचा हप्ता योग्य. आजचा भाव वेगळा असेल, रीत हीच. बहुतेक जण उलटं करतात, झेपेल तो हप्ता निवडतात आणि वर्षाअखेरीस रकमेत बसेल तो दागिना उचलतात. मग ठुशीऐवजी कानातल्यांचे दोन जोड आणि एक नको असलेली अंगठी घरी येते, आणि ठुशीची आस तशीच राहते.

अट आहे ती "तशी" आणि "तीच" यांतल्या फरकाची. अभिलाषेचं धारदार रूप तीच वस्तू मागतं. आजीचा कोल्हापुरी साज वाटणीत धाकट्या काकूकडे गेला आणि तोच हवा, दुसरा कुठलाही चालणार नाही. हे दुखणं कुठल्याही सराफाच्या दुकानात बरं होत नाही, आणि इथे योजनेत पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. साज अगदी तसा करून मिळेल, पदकांची संख्या आणि क्रमही जुळेल, तरी घरी आल्यावर तो आजीचा नसेल. त्या साजासाठी बोलायचं ते काकूशी बोलावं, रीतसर किंमत देऊन मागावा किंवा सोडून द्यावा. परक्याच्या वस्तूची अभिलाषा दोष धरली गेली ती इथे. "तशी हवी" मध्ये कुणाचं काही जात नाही. "तीच हवी" मध्ये कुणाच्या तरी हातातून काढून घेतल्याशिवाय ती पुरी होत नाही, मग ती चोरी असो, कोर्टकचेरी असो की वर्षानुवर्षांचा अबोला.

"तशी" वर समाधान होणार असेल तर कारागिराकडून करून घेताना काही काळजी घ्या. मूळ दागिन्याचे समोरून, मागून आणि फाशाजवळून फोटो द्या, शक्य असेल तर त्याचं वजनही. जुन्या दागिन्यात लाख भरलेली असू शकते, त्यामुळे दिसायला तितकाच पण भरीव करायचा म्हटलं तर वजन आणि किंमत बरीच वाढते. ऑर्डरचा माल योजनेतून मिळतो का, त्यावरची घडणावळ तयार मालाइतकीच का, हे लेखी घ्या. काही पेढ्या ऑर्डरच्या मालाला बोनस लावत नाहीत. माल घडायला लागणारे आठवडे ३६५ दिवसांत बसले पाहिजेत, म्हणून ऑर्डर दहाव्या हप्त्याच्या सुमाराला द्यावी.

लोभ: चुकीच्या दुकानात आलेला

लोभाला मामी लागत नाही आणि वज्रटीकही लागत नाही. ओसाड बेटावर एकटा माणूसही लोभी असू शकतो, तिथे मत्सरी मात्र होता येणार नाही. लोभ ओळखायला एकच प्रश्न पुरतो: किती तोळे झाले की थांबायचं? अभिलाषेकडे उत्तर असतं. लोभाकडे नसतं, किंवा असतं ते दरवर्षी बदलतं.

अशा माणसासाठी ही योजना सरळ तोट्याची आहे, कारण दागिना मोडताना घडणावळ आणि जीएसटी परत मिळत नाहीत. वरच्याच उदाहरणात १२ टक्के घडणावळीने ६०,००० चा दागिना घेतला तर त्यात सोनं ५२,००० चं. भाव न हलता मोडला तर जास्तीत जास्त तेवढेच येतात, वितळवतानाची घट धरली तर त्याहून कमी. तुम्ही भरले होते ५५,०००. बोनस धरूनही तीन हजारांचा खड्डा. शुद्ध नाणं किंवा वळं घेऊन घडणावळ वाचवू म्हणाल, तर अनेक योजनांत नाण्यावर बोनस नसतो किंवा नाणं घेताच येत नाही. सोन्याच्या भावावर पैसे वाढवायचे असतील तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा फंड, आहे. त्यात घडणावळ नाही, युनिटवर ३ टक्के जीएसटी नाही, आणि बाजार चालू असेल त्या दिवशी विकता येतं. डीमॅट खातं नसेल त्यांनी म्युच्युअल फंडाचा गोल्ड फंड पाहावा.

लोभाला हा परतावा कमी वाटतो आणि मग तो जास्त देणाऱ्या दाराकडे वळतो. खरा धोका तिथे आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिवाळीच्या तोंडावर गुडविन ज्वेलर्सची डोंबिवली-ठाण्याकडची दुकानं बंद झाली. तिथे मासिक योजनेबरोबर ठरावीक व्याजाच्या ठेवीही घेतल्या जात होत्या. जानेवारी २०२५ मध्ये टोरेस या दागिन्यांच्या कंपनीच्या दादरच्या शोरूमबाहेर पैसे अडकलेल्यांची गर्दी जमली. तिथे मॉइसनाइटच्या, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम खड्यांच्या, खरेदीवर दर आठवड्याला परतावा देण्याचं आश्वासन होतं. दोन्ही प्रकरणं पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे आणि ठेवीदारांच्या हितरक्षणासाठीच्या महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याखाली गेली. दादरच्या प्रकरणात लोभ अगदी निखळ दिसतो. खडा कुणाला घालायचा नव्हता, तो किती किमतीचा आहे हे तपासून पाहण्याची गरज वाटली नव्हती. वस्तूवर जीव असता तर ती दुसऱ्या सराफाला दाखवावीशी वाटली असती.

त्यामुळे खूण लक्षात ठेवा. पेढी दागिन्याऐवजी रोख परतावा देऊ लागली, "यंदा खरेदी करू नका, अजून दोन वर्षं राहू द्या, जास्त देतो" म्हणू लागली किंवा नवा माणूस आणल्याबद्दल टक्के देऊ लागली, की ती आगाऊ रक्कम राहिलेली नसते. त्या दिवशी हप्ते थांबवा आणि असतील तेवढ्या पैशांचा दागिना घेऊन बाहेर पडा, बोनस गेला तरी चालेल.

मत्सर

तिघांत हा सर्वांत महाग पडतो, कारण याला खरेदीने समाधान मिळत नाही. मत्सराला दागिना नको असतो, दुसरीकडे तो असल्याचं दुःख असतं. ओळखायचा प्रश्न कठोर आहे, पण स्वतःला विचारून पाहावा: जावेच्या पाटल्या उद्या अडचणीपायी मोडाव्या लागल्या तर आपल्याला आतून बरं वाटेल का? उत्तर हो असेल तर हा मत्सर आहे, आणि चार तोळ्यांच्या पाटल्या घेऊनही तो तसाच राहील. अभिलाषा असणारीला उलट वाईट वाटेल, कारण तिचा जीव त्या नक्षीवर असतो. लोभ्याला त्या बातमीचं काहीच वाटणार नाही. षड्रिपूंच्या यादीत लोभ आणि मत्सर वेगळे मोजले आहेत ते उगाच नाही.

योजनेत मत्सराची चूक बाराव्या महिन्यात होते. खात्यावर ६०,००० आहेत, ट्रेमध्ये तेवढ्याचा माल ठेवला आहे आणि शेजारच्या ट्रेमध्ये जावेच्या पाटल्यांहून थोड्या जाड पाटल्या आहेत. वरचे लाख-सव्वा लाख कार्डावर किंवा हप्त्यांवर घेतले जातात. बोनसची सूट ६०,००० वरच असते, वरच्या रकमेला पूर्ण घडणावळ लागते. कार्डाची थकबाकी पुढे ढकलली तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं आणि पाच हजारांचा बोनस दोन महिन्यांत संपतो. शिवाय वजन दुसरीच्या दागिन्यावरून ठरलेलं असल्यामुळे ते आपल्या हाताला, कपाटाला आणि नेसण्याला जुळतंच असं नाही. लग्नापुरत्या घातलेल्या जाड पाटल्या वर्षभर लॉकरमध्ये पडून राहतात आणि लॉकरचं भाडं चालू राहतं.

या माणसाला मी योजना घेऊ नका असं सांगेन, आणि घेतली असेल तर एक उपाय सुचवेन. पहिल्या हप्त्याच्या दिवशी, कुणाचंही लग्न किंवा बारसं समोर नसताना, दागिन्याचं नाव आणि वजन पासबुकाच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. बाराव्या महिन्यात तेवढंच घ्या. सोबत कोण येणार हेही ठरवा. जिच्याशी तुलना चालू आहे तिला किंवा तिची खबर ठेवणाऱ्या नातेवाइकांना घेऊन जाऊ नका. दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय तृतीया टाळून मधल्या एखाद्या आठवड्यात सकाळी गेलात तर गर्दी कमी असते आणि बिलावरची प्रत्येक ओळ विचारता येते.

खरेदीच्या दिवशी

हे तिघांनाही सारखंच लागू. पासबुकातले अकराही भरणे शिक्क्यासह आहेत का पाहा. ऑनलाइन भरले असतील तर पावत्या काढून ठेवा. एखादा हप्ता उशिरा गेला असेल तर बोनस कापला जातो, किती कापतात ते नियमांत असतं आणि ते पान पासबुकाच्या शेवटी बारीक अक्षरात छापलेलं असतं. हप्ते आपोआप जाण्याची सोय करून ठेवली की हा प्रश्नच येत नाही.

बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगळं मागा. खडे, मोती, काळे मणी, मीना यांचं वजन सोन्याच्या भावाने लावलं जाता कामा नये. मंगळसूत्रात आणि नथीत ही गफलत सर्वांत जास्त होते, कारण काळ्या मण्यांचं आणि मोत्यांचं वजन थोडंथोडकं नसतं. घडणावळीखेरीज "घट" किंवा "तूट" अशी आणखी एक ओळ आहे का पाहा. असेल तर दोन्ही मिळून टक्के काढा आणि सुरुवातीला सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहा.

दागिन्यावर तीन खुणा हव्यात: भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धता म्हणजे २२ कॅरटला ९१६, आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. दुकानातच बीआयएस केअर हे अॅप उघडून क्रमांक टाका. त्यात दिसणारा दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता हातातल्या मालाशी जुळली पाहिजे. अॅपमध्ये अंगठी दिसते आणि हातात लॉकेट आहे, असं असेल तर तो दागिना घेऊ नका. पुढे कधी चाचणीत शुद्धता कमी निघाली, तर ब्युरोच्या २०१८ च्या नियमांनुसार त्या वजनावर कमी भरलेल्या शुद्धतेच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि चाचणीचा खर्च मागता येतो. त्यासाठी बिल लागतं, म्हणून ते दागिन्याच्या डबीत न ठेवता वेगळ्या जागी ठेवा.